मसुराच्या डाळीएवढा मंगळ

पोरी, इकडे ये, अशी माझ्याजवळ बस. तू पुण्यात आणि मी जळगावला मेहरूणात, हे मला माहीत आहे, पण वाचताना तरी जवळ बसल्यासारखी वाच, म्हणजे मला कान धरायला सोपं जाईल. दिवाळीला म्हणालीस, "येते मामी." संक्रांतीला म्हणालीस, "येतेच मामी." मेहरूणची बोरं संपली, बाजारात कैऱ्या आल्या, आणि तू अजून येतेच आहेस. परवा फोन केलास तो तरी कशाला? गुडघे कसे आहेत विचारायला नाही, जेवलीस का विचारायला नाही. एकदम, "मामी, आईला मंगळ होता का गं?" आईला विचारलंस तर ती म्हणाली, मामीला विचार. तुझ्या आईचं हे लहानपणापासून असंच. अवघड गणित आलं की पाटी दुसऱ्यापुढे सरकवायची.

तर होता. चांगला ठसठशीत मंगळ होता तुझ्या आईला, आणि आम्ही सगळे तो बघून आलो. फोनवर सांगण्यासारखं नाही हे, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा आम्ही धुळ्यात राहायचो. नव्वदनंतरची गोष्ट, ते मोठं सूर्यग्रहण होऊन गेलं होतं, त्यानंतरची. घरात चार माणसं. तुझे मामा एस.टी. स्टँडवर कंट्रोलर, म्हणजे दिवसभर गाड्यांच्या वेळा आणि घरी आल्यावर आमच्या वेळा. माझी सासू, तुझी आजी, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, बोलणं सगळं अहिराणीत. मी. आणि माझी नणंद, म्हणजे तुझी आई, टायपिंगच्या क्लासला जाणारी, दोन वेण्या सोडून नुकती एकीवर आलेली. तिच्या लग्नाचं बघणं चालू होतं. पत्रिका जायची आणि मंगळ आहे म्हणून परत यायची. अक्का ती परत देवाच्या फळीवर ठेवायची आणि देवाकडे असं बघायची, जसं काही चूक त्याचीच.

मग पाचोऱ्याचं स्थळ आलं. मुलगा म्हणजे तुझे पप्पा. बघायला आले तेव्हा त्यांच्याकडच्या सगळ्यांनी तुझ्या आईला विचारून घेतलं. भाकरी थापता येते का, चष्मा लागला आहे का, टायपिंग कशाला शिकतेस. सगळ्यांचं झाल्यावर तुझे पप्पा हळूच म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती गडबडली आणि जे तोंडाला आलं ते विचारलं, "पाचोऱ्यात डास आहेत का?"

तुझे पप्पा अगदी गंभीरपणे म्हणाले, "आहेत. पण मच्छरदाणी आहे."

झालं. त्या दिवशी तुझी आई त्या मच्छरदाणीत अडकली ती आजपर्यंत. रात्री भांडी घासताना मला म्हणते, "वहिनी, हे स्थळ परत जाऊ नये." बाकी कुठल्या स्थळाबद्दल ती असं बोलली नव्हती.

पण पाचोऱ्याच्या घरात शेवटचा शब्द आत्यांचा. तुझ्या पप्पांच्या आत्या, लग्न न झालेल्या, भावाकडेच राहणाऱ्या. भाऊ म्हणजे तुझे दुसरे आजोबा, नाना, ते सुद्धा त्यांना विचारून पान खायचे. आत्यांचा निरोप आला, "मुलगी पसंत आहे, मंगळ पसंत नाही. उज्जैनला जाऊन शांती करून या, मग सुपारी फोडू."

उज्जैनला मंगळाचं देऊळ आहे, मंगळाचा जन्मच तिथला म्हणतात. तर निघालो. मामांनी रजा काढली. शांतीचं सामान घेतलं, लाल कापड, गूळ, तांब्याचा तांब्या, आणि मसुराची डाळ, कारण मंगळाचं धान्य मसूर. ती डाळ अक्काने स्वतः निवडली, एकही खडा नको, ग्रहाला द्यायची. आणि आमच्या खाण्याला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं असा मोठा डबा. आग्रा रोडने सेंधव्यावरून इंदूर, इंदूरहून उज्जैन. रात्रभर अक्का डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि तुझी आई डाळ.

मंगळवारी सकाळी देवळात पोचलो, तर सगळ्या मुलखातले मंगळवाले तिथे आधीच हजर. तिथल्या गुरुजींनी नाव लिहून घेतलं आणि सांगितलं, दुपारी दोनला या, उशीर केलात तर पुढच्या मंगळवारी. म्हणजे सगळी सकाळ मोकळी. तेव्हा मीच म्हटलं, "इथे वेधशाळा आहे. जुनी, राजाने बांधलेली. तारामंडळ पण आहे. मी पेपरात वाचलंय." माझं शिक्षण सातवीचं, पण भेळ खाऊन झाल्यावर कागद मी वाचल्याशिवाय टाकत नाही, हे तुला ठाऊक आहे.

मामा म्हणाले, "आधी दशम्या, मग राजा."

त्यांनी डब्याला हात घातला आणि अक्काने त्यांच्या हातावर चापट मारली. "कथा जानं शे म्हने?"

"वेधशाळेत, अक्का."

"वेधशाया? आते कोनतं गिरान शे?"

आता बघ. आमच्या घरात वेध हा शब्द ग्रहणाशिवाय कधी कोणी उच्चारला नव्हता. ग्रहण लागायच्या आधी वेध लागतात, वेध लागले की खायचं नाही, पाण्यात नि पिठात तुळशीचं पान टाकायचं, ग्रहण सुटलं की डोक्यावरून अंघोळ, आणि मगच चूल. अक्काने आयुष्यभर हे पाळलं. तिच्या दृष्टीने वेधशाळा म्हणजे जिथे बारा महिने वेध लागलेले असतात अशी जागा. मी सांगून बघितलं की अक्का, वेध घेणं म्हणजे नीट बघणं, मोजणं. ती म्हणाली, "वेध म्हंजे वेध. डबाले हात लावू नका." आणि देवळाबाहेरच्या फुलवालीकडून तुळशीची जुडी घेऊन दशम्यांवर, चटणीवर, लोणच्यावर आणि मसुराच्या डाळीवर सुद्धा एकेक पान ठेवलं. मामा डब्याकडे असे बघत होते, जशी शेवटची गाडी डोळ्यांदेखत सुटली.

टांगा करून वेधशाळेत गेलो. नदीकडेची शांत जागा, झाडं, आणि मधे ती चुन्याची पांढरी बांधकामं. एक उंच जिना आहे, सरळ वर आभाळात जातो आणि संपतो. अक्का त्याच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "इतल्या पायऱ्या बांध्यात नि वर खोली बांधानं इसरी ग्यात का?"

तिथले दाखवणारे एक भाऊ होते, हिंदी बोलणारे, हसरे. त्यांनी सांगितलं की ही जिन्याची भिंत म्हणजेच घड्याळाचा काटा, तिची सावली बाजूच्या कमानीवर पडते, त्यावर वेळ वाचायची. मामांच्या अंगातला कंट्रोलर जागा झाला. त्यांनी सावली वाचली, मनगट बघितलं, परत सावली वाचली. जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. मामांचं घड्याळ म्हणजे आमच्या घरातला दुसरा देव, रोज सकाळी रेडिओवर मिळवलेला.

"सूर्य लेट आहे," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "मग मेमो द्या त्याला."

त्या भाऊंनी पाटी दाखवली, आज सावलीच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची म्हणजे आपल्या घड्याळाची वेळ येते. म्हणाले, सूर्य बरोबरच आहे, फक्त तो इथली वेळ सांगतो आणि तुमचं घड्याळ सगळ्या देशाची सांगतं. मामांना ते काही पसंत पडलं नाही. धुळ्याला परतल्यावर सुद्धा ते दुपारच्या सावल्यांकडे संशयाने बघायचे.

दुसरं एक यंत्र होतं, जात्याच्या मोठ्या दगडासारखं गोल, पण आडवं न ठेवता तिरकं उभं केलेलं. त्याच्या एका अंगावर सहा महिने ऊन पडतं आणि दुसऱ्या अंगावर सहा महिने. हे ऐकून अक्काने विचारलं, "सूर्य बी माहेरले जास का मंग?" तुझी आई पदरात तोंड घालून हसायला लागली. म्हणाली, "सहा महिने माहेर? अक्का, मला असलं सासर बघा." हसता हसता तिला पाचोरा आठवला असणार, कारण लगेच मामांचं मनगट ओढून किती वाजले ते बघितलं. तिचं सगळं लक्ष दोन वाजण्याकडे.

तारामंडळ त्याच आवारात होतं. गोल छपराची खोली, मधे एक यंत्र, भोवती खुर्च्या. आम्ही आणि शाळेची एक सहल. दार लावलं, पडदे ओढले, आणि हळूहळू उजेड कमी कमी होत गेला. अक्काने माझा हात घट्ट धरला. "लागनं माय, लागनं." ग्रहणच लागलं असं समजून तिने जप सुरू केला. काळोख झाला आणि छपरावर चांदण्या उमटल्या, एवढ्या की धुळ्याच्या गच्चीवर उन्हाळ्यात झोपलो तरी दिसणार नाहीत. शाळेची पोरं ओरडली. अक्काचा जप जरा थांबला, बघून घेतलं, परत सुरू झाला.

ते हिंदी भाऊ काठीसारख्या लांब बॅटरीच्या उजेडाने एकेक दाखवत होते. हा ध्रुव. हा शुक्र. आणि मग म्हणाले, "ये छोटा लाल वाला, ये मंगल है. आजकल शाम के बाद पूरब में देखिए, घर से भी दिखेगा."

माझ्या शेजारी तुझी आई सरळ होऊन बसली. एवढासा तो ठिपका. आमच्या डोक्यात मंगळ म्हणजे केवढा तरी, मिशा असलेला, दारात आडवा पडलेला. आणि हा छपराच्या कडेला, बाकीच्यांत मिसळून, कोणाच्या अध्यात न मध्यात.

"वहिनी," ती म्हणाली, "हा?"

"हाच."

"हा माझ्या लग्नाच्या आड येतोय? हा तर दिसत पण नाहीये नीट."

अक्काने जप थांबवला. मान वर करून, डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. "हाऊच का तो?" मग माझ्या कानाशी म्हणाली, "मसूरनी दायएवढा शे."

तेवढ्यात मामांच्या पोटात एवढ्या जोराने गुरगुरलं की पुढची पोरं मागे वळून बघायला लागली. आणि मामांनी अंधारात, ग्रहणाच्या दिवशी गल्लीतून मागणारे ओरडतात तसा सूर लावला, "दे दान सुटे गिरान." सगळी सहल हसली. उजेड केला तेव्हा त्या भाऊंनी अक्काला समजावलं, "माताजी, ग्रहण नहीं था, शो था." अक्का म्हणाली, "तुले काय माहीत."

इथपर्यंत सगळं मजेत. पण बाहेर आल्यावर मामांनी डबा उघडायला घेतला आणि अक्का म्हणाली, अंघोळीशिवाय नाही. वेधातून आलो आहोत, सगळ्यांनी डोक्यावरून अंघोळ करायची, मगच खाणं आणि मगच पूजा. विटाळलेल्या अंगाने ग्रहाची शांती केली तर मंगळ आणखी चिडेल. तिच्या हिशेबात हे अगदी बरोबर होतं. टांगा घाटावर. थंडीचे दिवस, नदीचं पाणी असं की पाय घातला की तोंडातून आपोआप देवाचं नाव निघावं. अक्काची अंघोळ, माझी, तुझ्या आईची, मामांची, लुगडं पिळणं, केस पुसणं. तुझी आई ओल्या केसांनीच टांग्याकडे पळाली. मामा म्हणत होते, होईल वेळेवर, माझं घड्याळ आहे.

देवळात पोचलो तेव्हा गुरुजी दुसऱ्या कुटुंबाला घेऊन बसले होते. वर मान करून त्यांनी हाताने सांगितलं, पुढच्या मंगळवारी. मामांची रजा बुधवारी संपत होती. अक्काने विनवलं, मामांनी विनवलं. गुरुजी चिडले नाहीत, पण उठलेही नाहीत.

मग देवळाच्या पायरीवर बसून आम्ही तुळशीची पानं बाजूला करून दशम्या खाल्ल्या.  अक्काने स्वतःची दशमी तुझ्या आईच्या पानात ठेवली, तुझ्या आईने ती परत अक्काच्या पानात ठेवली. परतीच्या गाडीत तुझी आई खिडकीशी बसली. अंधार पडल्यावर मी विचारलं, "रडतेस का गं?"

"नाही. शोधतेय त्याला," ती म्हणाली. "दिसला की चार शब्द सुनावणार आहे." पण आवाज ओला होता.

त्याच रविवारी पाचोऱ्याहून आत्या, नाना आणि तुझे पप्पा यायचे होते, सुपारी फोडायला. त्यांना येऊ नका कसं कळवणार, आणि काय म्हणून कळवणार? मामा म्हणाले, सांगून टाकू की झाली शांती, कोण विचारतंय. अक्का म्हणाली, देवाधर्माच्या बाबतीत मी खोटं बोलणार नाही. तुझी आई म्हणाली, मी पण नाही. मी म्हटलं, आधी ते येऊ देत. पण रविवारपर्यंत तुझ्या आईने टायपिंगच्या क्लासला जाऊन काय टाइप केलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

म्हणाले होते संध्याकाळी सहाला आणि हजर झाले चार वाजता. घरात तूरडाळ संपलेली, मामा बाजारात गेलेले. मी डबे उघडले तर तीच, उज्जैन करून आलेली मसुराची डाळ. निवडलेली, खडा नाही, वर वाळलेलं तुळशीचं पान. मी कढईत लसूण तडतडवला आणि आमटी केली, खोबरं आणि काळा मसाला घालून. भाकरी तुझ्या आईने थापल्या, थापता येतात हे त्यांना परत एकदा कळू दे म्हणून. मामा बाजारातून परतले तोवर पानं मांडली होती. आत्या म्हणाल्या, आधी जेवण, मग बोलणं. ते बरं झालं.

आत्या मोजकं जेवणाऱ्या. पण आमटी त्यांनी परत मागून घेतली. वाटी तोंडाला लावून म्हणाल्या, "आमटी फार चांगली झाली. कशाची केली?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "मंगयनी."

आत्यांची वाटी हवेतच राहिली. मामांनी पाटाखाली काही सांडल्यासारखं बघायला सुरुवात केली. मग अक्काने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, वेधशाळा, अंघोळ, गुरुजी. शेवटी म्हणाली, "शांती नही व्हयनी. पन मंगय डोयाघाई देखी वनूत आम्ही. आनि त्यानी दाय तुमना ताटमा शे."

 तुझ्या आईची भाकरी तव्यावर जळायला लागली तरी तिने उलटली नाही. आणि तुझे पप्पा आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाले, "थोडी अजून वाढाल का?"

नाना एकदम हसले. त्यांना हसू आवरेना. "पोटात गेला म्हणजे झालीच की त्याची शांती," म्हणाले. पण सगळ्यांचं लक्ष आत्यांकडे. त्या हसल्या नाहीत. हात धुवून अक्काला म्हणाल्या, "तुम्ही खरंच पाहिला? दाखवता येईल?"

दिवस बुडाला होता. जेवणं, आवरणं आणि इकडच्या तिकडच्या गप्पा यांत वेळ गेला आणि अक्का त्यांना ओट्यावर घेऊन गेली. पूर्वेला, समोरच्या कौलांच्या वर, लालसर, न लुकलुकणारा असा तो नुकता वर आला होता. अक्काने बोट दाखवलं, अगदी त्या हिंदी भाऊंच्या काठीसारखं. मी दारात उभी होते.

"तो? तो तर मी पाचोऱ्याला रोज बघते," आत्या म्हणाल्या. "मला वाटायचं, टॉवरचा दिवा."

 त्यांची पत्रिकाही कधीकाळी अशीच गावोगाव फिरून परत आली होती, मंगळासाठीच, हे आम्हाला लग्नानंतर नानांनी सांगितलं. त्या संध्याकाळी मला एवढंच दिसलं की त्यांनी पदराने डोळे टिपले, आणि अक्काने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"इतकासा," त्या म्हणाल्या. मग आत आल्या, चटईवर बसल्या आणि नानांना म्हणाल्या, "सुपारी काढ."

असं झालं तुझ्या आईचं लग्न. शांती आजपर्यंत राहिली ती राहिलीच. मच्छरदाणी मात्र पहिल्याच उन्हाळ्यात फाटली, ते तुझे पप्पा तुला सांगणार नाहीत.

आता तू हे फोनवर का विचारलंस, ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुझीही पत्रिका कोणीतरी घडी घालून परत दिली असणार, आणि तुझी आई ती देवाच्या फळीवर ठेवून देवाकडे बघत असणार. मी काही विचारत नाही. इथे ये, मग बघू. आमच्या गच्चीवरून तळ्याच्या बाजूला आभाळ मोकळं आहे. सध्या मंगळ तिथे असतो की माहेरी गेलाय मला माहीत नाही, पण नसला तर डब्यात मसुराची डाळ आहे, तीच दाखवीन. आमटी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वर तूप. मामा स्टँडवर घ्यायला येतील, अजून वेळेवर येतात, सावली बघून नाही, घड्याळ बघून. तर या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या शनिवारी ये, पण त्यापुढे नको गं ढकलू.